अखेरच्या न्यायाला आपत्तीचे नाव देऊ नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत बायबलमधील 'जगबुडीच्या भाकिता'वरचा लेख वाचला आणि रात्रभर झोप लागली नाही. बायबलच्या शेवटच्या, म्हणजे प्रकटीकरणाच्या पुस्तकातील अखेरच्या न्यायाचे वर्णन घेऊन लेखकाने ते युद्ध, अवकाळी पाऊस आणि भूकंपाशी जोडले आहे आणि जिथे माणसे अधिक मेली तिथे देवाचा कोप अधिक, असा अर्थ वाचकांपुढे ठेवला आहे. मी ख्रिस्ती आहे, देव एक दिवस जगातील दुष्टतेचा न्याय करील यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि म्हणूनच हा अर्थ मला सहन होत नाही.

किल्लारीच्या भूकंपाची ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सोलापूरकर विसरलेले नाहीत. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकते कुठे झोपले होते. आमच्या घरात मांडणीवरची भांडी खाली आली, एवढ्यावर आमचे निभावले. माझी मावशी मात्र त्याच भूकंपाच्या पट्ट्यातील सास्तूरला राहत होती. तिसऱ्या दिवशी आई आणि मी तिथे पोहोचलो तेव्हा घराच्या जागी दगडमातीचा ढीग होता आणि त्यातून हाती लागला तो एका बाजूने चेपलेला पितळी तांब्या. तो आईने पदराखाली धरून सोलापूरला आणला. पुढे पंधरा दिवसांत आमच्या गल्लीतील एका घरगुती प्रार्थनेला बाहेरगावचे एक उपदेशक आले आणि किल्लारीच्या पट्ट्यावर देवाचा न्याय उतरला, असे त्यांनी सर्वांदेखत सांगितले. आईने शास्त्र, म्हणजे बायबल, मिटले, चपला पायात घातल्या आणि ती निघून आली. त्या घरी ती पुन्हा कधी गेली नाही.

त्या रात्री सुमारे दहा हजार माणसे गेली ती जाड दगडी भिंती आणि मातीने लादलेली माळवदे झोपेत अंगावर कोसळली म्हणून. येशूच्या काळीही शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले होते. ते यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होते असे तुम्हांला वाटते काय, असा प्रश्न त्याने स्वतःच लोकांना केला आणि उत्तरही स्वतःच दिले की, नाही. पश्चात्तापाची ताकीद त्याने जरूर दिली, पण ती समोर उभ्या असलेल्या जिवंतांना दिली; ढिगाऱ्याखाली गेलेल्यांकडे बोट दाखवले नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात हे पहिल्या पाच वचनांत आहे.

मग न्याय होतो तो कोणाचा? पात्म बेटावरून योहानाने प्रकटीकरणाचे हे पुस्तक आशियातील सात ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिले, तेव्हा सत्ता रोमची होती आणि सात डोंगरांवर बसलेली त्याची बाबेल नगरी म्हणजे रोमच, हे ऐकणाऱ्यांना कळत होते. अठराव्या अध्यायात ती पडते तेव्हा रडतात ते व्यापारी, कारण त्यांचा माल आता कोणी घेत नाही. त्या मालाची यादी सोलापूरच्या माणसाने जरूर वाचावी, कारण सोने, रत्ने आणि मोत्यांच्या पाठोपाठ तीत तलम तागाचे, जांभळे, रेशमी आणि किरमिजी कापड येते, पुढे दालचिनी, द्राक्षारस, गहू, गुरे, घोडे येतात आणि अगदी शेवटी गुलाम, म्हणजे माणसांचे जीव येतात. दिवसाला हजार विड्या वळूनही ज्यांच्या कितीतरी विड्या 'छाट', म्हणजे नापास, म्हणून बाजूला टाकल्या जातात अशा बायका या शहरात राहतात. मोठ्या पांढऱ्या राजासनापुढे पुस्तके उघडली जातील आणि लहानथोर सर्वांचा न्याय ज्याच्या त्याच्या कृत्यांप्रमाणे होईल, हे विसाव्या अध्यायातील वचन ऐकून अशा बाईला भीती का वाटावी? तिला तर त्याचा आधार वाटायला हवा. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मेंढरे आणि शेरडे वेगळी होतात तीही भुकेल्याला खायला दिले की नाही आणि आजाऱ्याची विचारपूस केली की नाही, यावरूनच.

लेखकाने 'घटका जवळ आली' म्हणून जे गणित मांडले आहे, तसे अमेरिकेतील उपदेशक विल्यम मिलर यांनी बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकावरून मांडले होते. त्यांच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या परत येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली आणि दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला. तो दिवस पुत्रालाही, म्हणजे येशूलाही, ठाऊक नाही, असे मार्काच्या तेराव्या अध्यायात स्पष्ट लिहिलेले असताना ही मोजदाद कशासाठी? आणि मथळ्यातील 'जगबुडी' हा शब्द तरी कोणी तपासायला हवा होता. जलप्रलयाने पृथ्वीचा नाश पुन्हा करणार नाही, असा करार देवाने नोहाशी केला आणि त्याची खूण म्हणून मेघधनुष्य ठेवले, हे आमच्या संडेस्कूलच्या मुलांनाही पाठ आहे.

लेखाचा उत्तरार्ध येत्या रविवारी येणार असे खाली छापले आहे. तो छापण्यापूर्वी वर सांगितलेली पाच वचने लेखकाला वाचायला द्यावीत, एवढी विनंती आहे. माझ्या आईने आता पंच्याऐंशी ओलांडली आहे आणि तिला दिसत नाही, त्यामुळे आपला पेपर रोज मीच तिला वाचून दाखवतो. काल पुरवणीत काय आले आहे असे तिने दोनदा विचारले, आणि दोन्ही वेळा मी पाककृतींचे पान वाचले.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर