‘उभा राहिला का?’ असं विचारलंस म्हणून

सोलापूर,
१९ जानेवारी २०२५

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज आला तेव्हा मी गड्ड्यात, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांच्या जत्रेत, धूळ खात फिरत होतो. आणि खरं सांगायचं तर एका ओळीत द्यावं असं उत्तरही नव्हतं. ‘आपला अण्णा उभा राहिला का?’ असं विचारलंयस. दहा हजार पाठवले होतेस, विचारायचा हक्क आहेच तुझा. नाही बे, उभा नाही राहिला. राहणारही नाही. पण एवढंच लिहिलं तर तुला वाटेल पैसे पाण्यात गेले, म्हणून कागद घेऊन बसलोय.

तुला फक्त पडल्याचं कळलं होतं. जून २०२३ मधली गोष्ट. पाऊस तोंडावर आलेला, म्हणून अण्णा तो काम करायचा त्या यंत्रमाग कारखान्याच्या शेडवर सिमेंटचे पत्रे बघायला चढला. पत्रा फुटला आणि हा पाठीवर फरशीवर आला. शेजारच्या मागावरची दोन पोरं धावली, एकानं काखेत हात घातले, एकानं गुडघे धरले आणि रिक्षात कोंबला. मी तिथं असतो तर मीही तेच केलं असतं. पाठीला मार लागलेल्या माणसाला मान आणि पाठ न वाकवता फळीवर सरळ ठेवायचं, १०८ ला फोन करायचा आणि तोवर हलवायचं नाही, हे आम्हाला हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभं राहून कळलं. पडतानाच किती गेलं आणि रिक्षात किती गेलं, हे आता कोण सांगणार? त्या पोरांना आम्ही हे कधी बोललो नाही. तूही आलास की बोलू नकोस.

ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसलं. पाठीचा बारावा मणका, डॉक्टरांच्या भाषेत डी-बारा, फुटला होता, रॉड आणि स्क्रू घालून बसवला. आमची सगळ्यांची समजूत अशी की मणका बसला म्हणजे माणूस बसला, आता महिन्या-दोन महिन्यांत चालेल. डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं, पण आम्हाला ऐकायचं नव्हतं. हाड जुळतं, आतला मज्जारज्जू जुळत नाही. शेवटी अण्णानंच आम्हाला समजावलं. ‘मागावर सूत तुटलं तर गाठ मारतो आपण. हे सूत गाठ घेत नाही,’ म्हणाला. आम्ही गप्प.

आता आमच्या पराक्रमाचं ऐक. आपल्या गणपती मंडळानं अण्णाचा हॉस्पिटलमधला फोटो, नाकात नळी असलेला, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, चौकात मोठा बॅनर लावला, पावती पुस्तकं छापली. एका वकिलानं हटकलं की अशी जाहीर वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयात जाऊन विचारा आधी, तेव्हा ते सोपस्कार केले. अकरा दिवसांत १,८६,००० रुपये जमले. गणपतीत डॉल्बी रद्द करून लेझीम काढली, ते पैसेही त्यातच. छाती फुगली होती आमची.

त्यातून काय केलं? अण्णा पडून होता त्या महिन्यांचं औषधपाणी आणि घरखर्च भागवला, ते बरोबरच होतं. मग एक भारीतली व्हीलचेअर घेतली आणि तिच्या पाठीवर मंडळाचं नाव रंगवलं. घरी नेली तर दार चोवीस इंची आणि खुर्ची सव्वीस. कुणी टेप लावून बघितलंच नव्हतं. ती अजून मंडळाच्या खोलीत ढोलांच्या शेजारी उभी आहे. आणि चादरी! आपल्या गावात माणसाला काय द्यावं सुचलं नाही की चादर देतात. एकतीस आल्या, मोजल्यात मी. वहिनींनी त्यातल्या चार घड्या घालून अण्णाच्या खाली अंथरल्या, मऊ लागावं म्हणून.

कमरेखाली त्याला काही कळत नाही. आपल्याला घडी रुतली की आपण झोपेतसुद्धा कूस बदलतो, त्याला रुतल्याचा निरोपच पोचत नाही. दोन महिन्यांत माकडहाडावर भोक पडलं. दोन बोटं जातील एवढं. वास आल्यावर कळलं.

त्या काळात चौकातला बॅनर होताच आणि पैसे बंद झाले होते. शेवटच्या महिन्यात दोन पावत्या फाटल्या. लोकांचं चुकलं असं मला वाटत नाही. ऑपरेशनला पैसे दिले, ऑपरेशन झालं, हिशोब मिटला. आता कॅथेटरला द्या म्हणून कुणाच्या दारात जायचं आणि काय तोंडानं सांगायचं? व्हीलचेअरवर नाव घालता येतं, लघवीच्या नळीवर घालता येत नाही.

पुढचं एका फिजिओथेरपिस्ट बाईंमुळे कळलं. त्या दर शनिवारी फुकट यायला लागल्या आणि पहिल्याच दिवशी आमची सगळ्यांची हजेरी घेतली. रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलायची. खुर्चीवर बसला की थोड्या थोड्या वेळानं हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. कायमची नळी काढून दर चार-सहा तासांनी स्वतः कॅथेटर घालून लघवी काढायची, तुंबली तर किडनीवर जाते. रोज आरशात पाठ आणि टाचा बघायच्या. त्या म्हणाल्या, पहिल्या महायुद्धाच्या काळात असे जखमी झालेले बहुतेक जण अशाच जखमांनी आणि लघवीच्या संसर्गानं दोन-तीन वर्षांत जायचे. १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडव्हिलला डॉ. लुडविग गुटमान यांनी वॉर्ड काढला आणि हाच दोन तासांचा नेम लावला, रात्रीसुद्धा स्वतः फेरी मारायचे म्हणे. म्हणजे बघ, औषधात फार काही नाही. राबणारा माणूस आणि न संपणारं सामान, एवढंच लागतं.

मी हुशारी करायला गेलो एकदा. अण्णाला पेटकरांची गोष्ट सांगितली. मुरलीकांत पेटकर, आपल्या सांगलीकडचे, १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या, कमरेखालचं गेलं आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक आणलं. अण्णानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘त्यांच्यामागं मिल्ट्री होती की ओ. माझ्यामागं गल्ली.’ चिडून नव्हता बोलला, हिशोबाचं बोलावं तसं. आणि हिशोब बरोबर होता. जवानांसाठी पुण्यात खडकीला अशा रुग्णांचं केंद्र आहे १९७४ पासून. मागावरच्या माणसाला कुठलं केंद्र?

त्याच संध्याकाळी त्यानं आणखी एक सांगितलं. ‘तेवढा फोटो उतरवा. पोरगं त्याच चौकातून शाळेला जातंय.’ तीन महिने तो बॅनर आमच्या डोळ्यांसमोर होता रे. आणि हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. रात्री अकराला शिडी लावून उतरवला.

मग वहिनींना सुचलं ते आम्हा शहाण्यांना सुचलं नव्हतं. विड्या वळणाऱ्या बायकांची भिशी असते, त्यात त्याही आहेत. म्हणाल्या, ‘एकदम लाख कशाला मागताव? भिशी लावा.’ झालं. डिसेंबर २०२३ पासून भिशी. महिना दोनशे. फरक इतकाच की ही भिशी कुणी उचलत नाही, ज्याला जे संपलं त्याला ते मिळतं. सतरा जणांपासून सुरू झाली, आज चाळीस आहेत. म्हणजे महिन्याला आठ हजार. एक मेडिकलवाला कॅथेटर, जेली, हातमोजे, ड्रेसिंग खरेदीच्या भावात देतो. फोटो नाही, बॅनर नाही, सत्कार तर नाहीच. मंडळातले दोघं यावरून रुसले, ते अजून रुसलेले आहेत.

अण्णाची जखम भरायला चार महिने लागले. पालथा पडून पडून बिचारा वैतागला. त्यानंतर हवेची गादी आणि अरुंद खुर्ची घेतली, टेप लावून. खुर्ची दारातून आत-बाहेर न्यायला उतार करायचा होता, त्यावरून मात्र महाभारत झालं. बाई म्हणाल्या एक इंच चढाला बारा इंच लांबी हवी. अण्णाचा उंबरा सात इंच, म्हणजे सात फूट उतार आणि बोळ नऊ फुटी. शेजारच्यांच्या गाड्या कुठं लावायच्या? आठ दिवस भांडणं. शेवटी गल्लीतल्याच गवंड्यानं भिंतीला समांतर वळवून काढून दिला, आता पोरं त्याच्यावरून सायकली सोडतात आणि अण्णा ओरडतो.

मे महिन्यात परत एक फटका बसला. बाहेरच्या लोखंडी बाकावर दुपारी सरकून बसला, मांड्या भाजल्या, कळलंच नाही. आपलं ऊन तुला माहितीये. तेव्हापासून बाकाला हात लावून बघितल्याशिवाय बसत नाही.

भिशीचा हिशोब तोच ठेवतो. अक्षर बघ एकदा, मोत्यासारखं. आणि भिशीचं ऐकून इतर लोक यायला लागले. एक जण अक्कलकोटकडचा, चिंच झोडताना झाडावरून पडलेला. एक मोहोळकडचा, विहिरीत पडलेला. एक कॉलेजचा पोरगा, मोटारसायकल. सामान आम्ही पोचवतो, पण बोलायला अण्णा जातो रिक्षातून. त्या कॉलेजच्या पोरानं दोन महिने कुणाशी शब्द काढला नव्हता. अण्णानं खोलीत जाऊन सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. तासाभरानं आत दोघं हसत होते. काय बोललात विचारलं तर म्हणतो, ‘संडासचं.’

परवा जत्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी एका ओळखीच्यांच्या ओट्यावर त्याची खुर्ची चढवली आणि मिरवणुकीतले सातही नंदीध्वज, ते उंच मानाचे ध्वज, नीट बघितले. पांढरी बाराबंदी घातली होती लेकानं. दुसऱ्या दिवशी पोरासाठी गड्ड्यात गेलो तर होम मैदानाच्या मातीत पुढची चाकं रुतली. मी ढकलतोय, ढकलतोय, हलेना. मग त्यानंच शिकवलं, खुर्ची मागं कलती करायची आणि मोठ्या चाकांवर ओढत न्यायची. तेवढ्यात तुझा मेसेज आला बघ.

तर काम असं आहे. परत दहा हजार पाठवू नकोस. एकदम आलेला पैसा एकदम जातो, ते आम्ही करून बघितलंय. महिना दोनशे दे आणि चुकवू नकोस. अण्णाला तुझं सांगितलं. त्यानं एक्केचाळिसाव्या नंबरला तुझं नाव लिहून ठेवलंय, पण पेन्सिलीनं. पहिला हप्ता आला की पेनानं लिहितो म्हणाला.

तुझा,
मागच्या बाकावरचा