पानिपतच्या पुढचा रस्ता

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पानिपतच्या स्मृतिदिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लढाईचे वर्णन झकास आहे, पण आपल्या बहुतेकांचा हरियाणा १४ जानेवारी १७६१ लाच सुरू होतो आणि त्याच संध्याकाळी संपतो. या लेखाचेही तेच झाले आहे.

आपल्याकडच्या अमृतसर-वैष्णोदेवीच्या सहली पानिपतवरूनच, जीटी (ग्रँड ट्रंक) रोडने जातात. लढाईच्या स्मारकाला, 'काला आंब'ला बस थांबते, लोखंडी कुंपणातल्या विटांच्या स्तंभापुढे घोषणा होतात, फोटो निघतात आणि मंडळी पुन्हा बसमध्ये. गावातला इब्राहिम लोदीचा मकबरा किंवा बू अली शाह कलंदरांचा दर्गा बघायला कोणी उतरत नाही.

खरे तर मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांना पानिपतला यायचेच नव्हते. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा जिंकल्यावर ते कुरुक्षेत्राच्या वाटेला लागले होते. लष्कराबरोबर यात्रेकरूंचा मोठा गोतावळा होता. तेवढ्यात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि सगळ्यांना माघारी वळावे लागले. ज्या तीर्थाची त्यांची यात्रा हुकली, ते आज पानिपतहून गाडीने फार तर दीड तासावर आहे. तरी आपण जात नाही!

गेलोच तर ब्रह्मसरोवर आणि ज्योतिसर उरकून परततो. शेजारच्या ठाणेसरला निदान अर्धा दिवस द्यावा. हर्षवर्धनाच्या घराण्याची ही राजधानी; चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग इथे येऊन गेला. 'हर्ष का टीला' या टेकाडाच्या उत्खननात एकाखाली एक अशा अनेक काळांच्या वस्त्या निघाल्या. टेकाडाला लागूनच सूफी संत शेख चेहलींचा अष्टकोनी मकबरा आहे. त्याचा संगमरवरी घुमट दुपारच्या उन्हात डोळे दिपवतो. खाली मदरशाच्या चौकात हौद आहे. स्थाणेश्वर महादेवाचे देऊळही जवळच. पितरांचे करायचे असेल तर पुढे पेहोवा आहे. तिथल्या पंड्यांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्यांच्या वंशावळी सापडतात.

सहल कंपन्यांनी काला आंबनंतर कुरुक्षेत्र-ठाणेसरचा एक मुक्काम वाढवावा. पैसे थोडे जास्त लागतील, पण पानिपतच्या नावाने दरवर्षी गहिवरणाऱ्यांना ते जड जाऊ नयेत. आपणही पुढच्या जानेवारीत लढाईचा नकाशा छापाल तेव्हा तो उत्तरेला ठाणेसरपर्यंत वाढवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा