गृहमंत्र्यांना खुले पत्र : गावात रायफली पोचल्या, समन्वयाचे काय?

मा. केंद्रीय गृहमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

जम्मूच्या डोंगरी जिल्ह्यांत १९९५ पासून गावकरीच बंदूक घेऊन पहारा देत आले आहेत. त्या वेळच्या ग्राम संरक्षण समित्यांचे २०२२ मध्ये आपल्या मंत्रालयाच्या योजनेतून ‘व्हिलेज डिफेन्स गार्ड’ झाले आणि महिना चार ते साडेचार हजार रुपये मानधन ठरले. १ जानेवारी २०२३ रोजी राजौरीजवळच्या डांगरीत अतिरेकी हल्ला झाला. त्यानंतर जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलींच्या जागी एसएलआर (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या रायफली) येऊ लागल्या, सीआरपीएफने (केंद्रीय राखीव पोलीस दलाने) प्रशिक्षणही दिले. हे योग्यच झाले. पण गार्ड जिल्हा पोलीस प्रमुखांच्या हाताखाली आणि वरच्या कड्यावर गस्त घालणारा जवान लष्कराचा, म्हणजे दुसऱ्या मंत्रालयाचा. आमचे म्हणणे या फटीबद्दल आहे.

घोंगडी पांघरलेला, हातात रायफल असलेला माणूस रात्री थर्मल कॅमेऱ्यात फक्त एक गरम आकृती दिसतो. तो गार्ड की घुसखोर, हे यंत्र सांगत नाही. उलट बाजूने, अतिरेकी लष्करी गणवेशात आल्याचे प्रकार घडलेले असल्याने गार्डनेही वर्दी पाहून निर्धास्त होऊ नये. म्हणून परवलीचा शब्द रोज बदलावा, तो सूर्यास्तापूर्वी ठाणे, लष्करी चौकी आणि गाव या तिघांकडे पोचावा, आणि हटकणे दोन्ही बाजूंनी व्हावे. लष्कराची शोधमोहीम सुरू झाली की गार्डने ठरलेला मोर्चा, म्हणजे पहाऱ्याची आडोशाची जागा, सोडायचा नाही. मदतीच्या उत्साहात वेढ्याबाहेर पडलेला गावकरी आपल्याच जवानांच्या गोळीपुढे जातो.

मोर्च्यांची जागाही दोघांनी मिळून, दिवसा, प्रत्यक्ष उभे राहून ठरवावी. प्रत्येक मोर्च्यात रायफलीच्या डाव्या-उजव्या हद्दीला एकेक खुंटी ठोकावी. नळी त्यांच्या पलीकडे वळता कामा नये. अंधारात नेमबाज हमखास उंच मारतो, त्यामुळे हाताखाली मातीची पिशवी आणि नळीच्या वर एक आडवी काठी बांधली तर गोळी डोक्यावरून जात नाही. एसएलआरची ७.६२ मिमीची गोळी कच्च्या भिंतीतून आरपार जाते. दोन मोर्च्यांच्या मधे घर येत असेल तर एक मोर्चा हलवा, दुसरा इलाज नाही.

आता खुद्द रायफल. थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट हाताने ओढायचा, त्यामुळे थोडी हेळसांड तिला चालते. एसएलआर गॅसवर चालते. गॅस सिलिंडर आणि पिस्टनवर काजळी धरली की रिकामे काडतूस पूर्ण बाहेर पडत नाही आणि पुढची गोळी अडकते. रेग्युलेटर एकेक खाच फिरवून गॅस वाढवता येतो, पण हे हातांना सवयीचे हवे आणि सवय प्रत्यक्ष गोळीबारानेच लागते. वर्षातून एकदा मैदानावर नेऊन भागत नाही. पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी), चिंधी आणि तेल रायफलीबरोबरच द्यावे. ज्या गावात दोन्ही रायफली आहेत तिथे काडतुसांच्या पेट्या वेगळ्या रंगवा, कारण एकीचे काडतूस दुसरीत चालत नाही आणि हे ऐन वेळी कळून उपयोग नसतो.

वॉकीटॉकीचे तर विचारू नका. डोंगराआड गेला की संच मुका. चौकीशी बोलणे कुठून लागते ती जागा आधी शोधून खूण करावी, थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून जादा बॅटरी अंगाशी कपड्यात ठेवावी, आणि संध्याकाळी व पहाटे ठरल्या वेळी हजेरी घ्यावी. हजेरी चुकली तर चौकीने स्वतः विचारणा करायची, गावाच्या हाकेची वाट पाहायची नाही.

तोफमाऱ्यात गार्डचे काम बदलते. मे २०२५ मध्ये पूँछवर गोळे पडले, तशा वेळी आधी माणसे मोजून बंकरमध्ये न्यायची. मात्र घुसखोरी अनेकदा अशाच माऱ्याच्या आडोशाने होते, म्हणून बंकरच्या तोंडाशी दोन गार्ड राहिलेच पाहिजेत. हल्ल्यानंतर तर घाई अजिबात नको. डांगरीत पहिल्या संध्याकाळी गोळीबार झाला आणि दुसऱ्या सकाळी, लोक जमले असताना, तिथेच पेरलेले स्फोटक फुटून मुले दगावली. बॉम्बशोधक पथकाने घर तपासेपर्यंत गर्दी दूर ठेवण्याचे काम गार्डकडे लेखी सोपवा.

वरील बाबींचा एकच संयुक्त आदेश आपण आणि संरक्षणमंत्र्यांनी मिळून काढावा. त्यात प्रत्येक गावासाठी लष्कराचा एक आणि पोलिसांचा एक जबाबदार अधिकारी नेमलेला असावा आणि तुकडी बदलताना नव्या अधिकाऱ्याने मोर्चे पायी फिरून, गार्डना भेटूनच ताबा घ्यावा.

कळावे,
ग्रामसुरक्षेचे काम जवळून जाणणारे काही माजी सैनिक