बुधवारी रक्त चढवायचंय

ती. आई-बाबांस,
सा. न.

बुधवारी सकाळी आठला बाबांना रक्त चढवायला दाखल करायचं, हे मी परस्पर ठरवून टाकलंय. डॉक्टरांशी बोलणंही झालं. हवं तर रागवा. पण हिमोग्लोबिन ६.४ आहे, आणि जिन्यातली धाप नुसत्या खजुराने जाणार नाही. आई, तुझ्या खजुरात खोट नाही, त्याला वेळ लागतो एवढंच. रक्त कशाने कमी होतंय ते मागाहून शोधू, त्याचा घोर आत्ता नको.

आणि आता घरी सलाईन बंद. खुंटीला बाटली टांगली की बाबांना तरतरी येते, माहीत आहे. पण अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. आई, तू दिवसभर आळणी रांधून जे वाचवतेस ते एका बाटलीत परत. हृदय थकलेलं असलं की ते पाणी आधी पायांत उतरतं, मग फुप्फुसांत.

रक्ताची एकच पिशवी, सुमारे ३०० मि.ली. तिने हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढतं. ‘दोन लावा, एकदाच काय ते होऊ दे’ म्हणू नका. या वयात एकदम चढवलं तर त्यानेच दम लागतो. साडेतीन तास लागतील, मिनिटाला २८-३० थेंब. पहिली पंधरा मिनिटं त्याहून हळू, तेवढा वेळ सिस्टर जवळ थांबतील. थेंब मंद वाटले तरी नळीवरचं चाक कुणी फिरवायचं नाही. चार तासांच्या वर मात्र पिशवी ठेवत नाहीत, जंतू वाढतात.

दाद्याचं रक्त बाबांना नको. घरचं ते चांगलं असं वाटतं खरं, पण जवळच्या नात्यातल्या पांढऱ्या पेशी शरीराला परक्या वाटत नाहीत, म्हणून ते त्यांना मारत नाही, आणि त्याच पुढे त्याच्यावर उलटू शकतात. क्वचितच होतं, पण झालं तर निभावणं फार कठीण. दाद्याने बदली रक्तदान करावं, ते दुसऱ्या कुणाला जाईल. पिशवी आणायला त्यालाच पाठवतील. वाटेत चहाला थांबायचं नाही, अर्ध्या तासात ती लागायला हवी. गार लागते म्हणून कोमट पाण्यात किंवा काखेत धरायची नाही, पेशी फुटतात.

बाबा, कानाचं मशीन घालूनच जा. ऐकू आलं नाही की तुम्ही ‘हो’ म्हणता. भलत्याचं रक्त भलत्याला लागतं ते बहुतेक वेळा नाव नीट न पडताळल्यामुळे. ‘तुम्ही अमुक ना?’ असं कुणी विचारलं तरी स्वतःचं पूर्ण नाव सांगा. हाताच्या पट्टीवरचं नाव-नंबर आणि पिशवीवरचं सिस्टर ताडून बघतील, तोवर घाई करू नका.

गुलाबी सुई डाव्या हाताला लावून घ्या, उजवा जेवायला मोकळा राहील. टोचताना मान वळवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचा, मला सांगायचात तसं. नाश्ता करून जा. शाल न्या, उशी उंच घ्या, लघवीला जायला हरकत नाही.

थंडी वाजली, अंगाला खाज सुटली, कंबर किंवा छाती दुखली, दम लागला, तर त्याच क्षणी हाक मारायची. ‘उगाच कशाला त्रास’ हे तिथे चालणार नाही. सिस्टर आधी रक्त थांबवतील, सुई तशीच ठेवून नव्या नळीने सलाईन सुरू करतील. ते थोडंसंच असतं, घाबरू नका. लघवी लालसर किंवा चहासारखी झाली तर तेही सांगायचं, रात्री घरी आल्यावर दिसलं तरीही.

पुढचे आठ दिवस आई, वही. डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटरच प्यायला सांगितलंय, त्यात चहा, ताक, आमटीचं पाणी सगळं आलं. तांब्या-फुलपात्र एकदा लिटरच्या बाटलीने मापून घे. लघवीही मापाच्या भांड्यात. वजन सकाळी लघवीनंतर, चहाआधी. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर बाबांनी बाळसं धरलं म्हणून खूश होऊ नकोस, ते जवळजवळ दोन लिटर पाणी असतं. लगेच फोन कर.

बुधवारची ड्युटी बदलून मिळाली नाही, शुक्रवारी सकाळच्या गाडीने येते. वजनकाटा सतरंजीवर नको, फरशीवर ठेवा. मागचा आकडा त्यामुळेच चुकला असणार.

तुमची,
चिमी