चिअरलीडरचे फोटो आणि आमच्या मुली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आयपीएल सुरू झाली की क्रीडा पानावर धावफलकाशेजारी चिअरलीडरचा फोटो ठरलेला असतो. बहुतेक वेळा तो खालून वर घेतलेला, आणि त्याखाली 'जलवा', 'घायाळ', 'ग्लॅमरचा तडका' यांपैकी एखादी ओळ. त्या मुलीचे नाव नसते, ती कुठली हे नसते. टीव्हीवरही तेच. चेंडू प्रेक्षकांत पडतो न पडतो तोच कॅमेरा तिच्या कमरेवर जातो.

मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. लेझीम, कवायत, मानवी मनोरे हे माझे रोजचे काम. मनोऱ्यात वरची मुलगी सगळ्यांना दिसते. पण खालच्या मुलींचे खांदे, मनगटे आणि ती घसरलीच तर झेलायला उभ्या असलेल्या दोघी यांच्यावर सगळे अवलंबून असते. चिअरलीडिंगमध्ये हीच मुलगी हवेत फेकली जाते, गिरकी घेते आणि झेलली जाते. आयपीएलमध्ये चौथऱ्यावर दिसतो तो या प्रकाराचा अगदी छोटा, नाचाचा भाग. अमेरिकेत शाळकरी मुलींना खेळताना होणाऱ्या अतिगंभीर दुखापतींत सर्वांत मोठा वाटा चिअरलीडिंगचा असल्याचे तिथल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील केंद्राने अनेक वर्षांच्या नोंदींवरून दाखवले आहे. मानेच्या आणि डोक्याच्या दुखापती त्यात येतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. यातले काही आपल्या पानांवर वाचल्याचे मला आठवत नाही.

याची सुरुवात पुरुषांनी केली, हेही सांगायला हवे. १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल हा विद्यार्थी प्रेक्षकांपुढे उभा राहून घोषणा देऊ लागला. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले आयझेनहॉवर आणि धाकटे बुश विद्यार्थिदशेत चिअरलीडर होते. त्यांच्याविषयी लिहिताना त्यांच्या पायांचा विषय कोणी काढत नाही. १९२३ पासून मुली येऊ लागल्या, दुसऱ्या महायुद्धात तरुण आघाडीवर गेल्यावर त्यांची संख्या वाढली, आणि १९७० च्या दशकात व्यावसायिक संघांनी व टीव्हीने तोकड्या कपड्यांतली चिअरलीडर घरोघर पोचवली. आपण तेवढेच उचलले.

आपल्याकडे २००८ च्या पहिल्या मोसमात बंगळूरच्या संघाने थेट अमेरिकेतून चिअरलीडर आणल्या. महाराष्ट्रातल्या एका मंत्र्यांनी तो प्रकार अश्लील ठरवला आणि चर्चा कपड्यांच्या लांबीभोवती फिरत राहिली. त्याच मोसमात कातडीच्या रंगावरून आपल्याला मैदानाबाहेर ठेवल्याचा आरोप मोहालीत दोन कृष्णवर्णीय चिअरलीडरनी केला होता. माझ्या मते त्या वर्षीची खरी बातमी ती होती.

पैशांचे म्हणाल तर, अमेरिकेतल्या ओकलंडच्या फुटबॉल संघाच्या चिअरलीडर २०१४ मध्ये न्यायालयात गेल्या. एका सामन्याचे १२५ डॉलर, तेही मोसम संपल्यावर, आणि सरावाचे काहीच नाही, अशी त्यांची तक्रार होती. संघाला साडेबारा लाख डॉलरवर तडजोड करावी लागली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने व्यावसायिक संघांच्या चिअरलीडरना कर्मचारी मानणारा कायदा केला.

मला एवढ्या तळमळीने लिहावे लागते आहे ते आमच्या मुलींमुळे. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत आमच्या मुली लेझीम खेळल्या. एका स्थानिक वाहिनीने ती चित्रफीत संथ करून, वर आचरट मथळा देऊन मोबाईलवर फिरवली. मुली नऊवारीत होत्या, म्हणजे प्रश्न कपड्यांचा नव्हता. बघण्याची सवय तीच होती. दोघींच्या घरच्यांनी सराव बंद केला. "बाई, आमच्या पोरीला चिअरलीडर करायचं नाही," असे एक वडील म्हणाले. त्यातली एक आमच्या मनोऱ्याची मधल्या थरातली सर्वांत भक्कम मुलगी होती. त्या वडिलांवर माझा राग नाही. चिअरलीडर म्हणून त्यांनी आजवर जे पाहिले ते वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनीच दाखवलेले आहे. जत्रेत तमाशा बघायचा आणि नाचणारीला नावे ठेवायची ही आपली जुनी खोड, तिला दर मोसमात नवे खाद्य मिळते.

फोटो छापूच नका असे माझे म्हणणे नाही. झेल घेणाऱ्या खेळाडूचा छापता तसा छापा, उडी दिसेल असा, खाली नावासह. गावातल्या मुलींचे छायाचित्र घेताना शाळेला आधी विचारा. आणि बंगळूरच्या सामन्याला तुमचा प्रतिनिधी जाईल तेव्हा त्याने या मुलींशी बोलावे. सराव किती तास चालतो, करार कोणाशी होतो, मानधन हातात किती पडते, घोटा मुरगळला तर दवाखान्याचे बिल कोण भरते, हे विचारून क्रीडा पानावरच छापावे. ते कात्रण मी शाळेच्या फलकावर लावीन आणि त्या दोन्ही घरी स्वतः नेऊन देईन.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका
खानापूर, जि. बेळगाव