‘जोडा आणि ऐका’ इतके ते सोपे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी अ‍ॅम्प्लिफायर तयार करण्याविषयीचा लेख वाचला. आजच्या मुलांनी हातात सोल्डरिंग आयर्न धरावे असे वाटणारी माणसे अजून आहेत, याचा आनंद झाला. बोर्डवर कोणता भाग कुठे बसवायचा, हे लेखकाने नीट समजावले आहे. मात्र शेवटी ‘आता ट्रान्सफॉर्मर व स्पीकर जोडा आणि गाणी ऐका’ एवढेच लिहून लेख संपतो. साताऱ्यात चाळीस वर्षे रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचे दुकान चालवल्यामुळे मला हे लिहिणे भाग आहे की, दुकानात आलेल्या घरगुती अ‍ॅम्प्लिफायरपैकी बहुतेक सोल्डरिंगमुळे बिघडलेले नव्हते. ते या ‘जोडा’ शब्दाने बिघडवलेले होते.

लेखात टीडीए २०३० हा आयसी घेतला आहे. तो स्वस्त आहे, पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कोणत्याही दुकानात मिळतो आणि चार ओहमच्या स्पीकरवर साधारण १४ वॉट देतो, म्हणजे घरातल्या खोलीला भरपूर झाला. त्याच्यासाठी ‘१२-०-१२ किंवा १५-०-१५ ट्रान्सफॉर्मर’ चालेल, हे विधान मात्र धोक्याचे आहे. ट्रान्सफॉर्मरवर छापलेले व्होल्ट एसीचे असतात. ब्रिज (एसीचे डीसी करणारी डायोडची चौकडी) आणि कपॅसिटरनंतर ते जवळजवळ १.४ पट होतात. म्हणजे १२ चे सुमारे १७ आणि १५ चे सुमारे २१. या आयसीची कमाल मर्यादा धन बाजूला १८ आणि ऋण बाजूला १८ व्होल्ट आहे. १५-०-१५ जोडणाऱ्याचा आयसी पहिल्याच मिनिटाला जाईल आणि तो बिचारा दुकानदाराला डुप्लिकेट माल दिल्याबद्दल बोल लावील. १२-०-१२ सुद्धा कडेवरच आहे, कारण रात्री उशिरा लाइनचे २३० व्होल्ट चढून २५० च्या आसपास गेले की हाही हिशेब मर्यादेपलीकडे जातो. माझा सल्ला ९-०-९ चा. आवाज थोडा कमी मिळेल, पण मिळत राहील.

दुसरी गोष्ट ट्रान्सफॉर्मरच्या तारांची. वायरच्या रंगांवर विसंबून राहू नये, कारण प्रत्येक कारखान्याचे रंग वेगळे असतात. मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोजले की प्रायमरी, म्हणजे लाइनकडची गुंडाळी, दहा-वीस ओहमपासून शंभराच्या वरही भरते आणि सेकंडरी, म्हणजे सर्किटकडची, एखाद्या ओहमच्या आसपास. २३० व्होल्ट चुकून सेकंडरीला लावले, तर काय होते ते मी एकदाच पाहिले आहे आणि ते पाहायला दुसऱ्यांदा थांबावेसे वाटले नाही. सेकंडरीच्या तीन तारांपैकी मधली कोणती, हेही मोजूनच ठरवावे: दोन टोकांमध्ये दुप्पट व्होल्टेज मिळते आणि मधल्या तारेपासून दोन्हीकडे सारखे.

फिल्टरच्या दोन मोठ्या कपॅसिटरपैकी ऋण बाजूच्या कपॅसिटरवर नवशिका हमखास चुकतो. त्याचे धन टोक शून्याला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेला, जाते आणि ऋण टोक ऋण बाजूला. ‘प्लसला प्लस’ असे डोक्यात पक्के बसलेले असल्यामुळे तो नेमका उलटा बसतो आणि काही वेळाने फुगून फुटतो. आयसीच्या पाठीमागचा धातूचा पत्रा शून्याला जोडलेला नसून ऋण बाजूला जोडलेला असतो, हेही लेखात यायला हवे होते. त्याच्याखाली मायकाचा तुकडा आणि स्क्रूला प्लास्टिकची टोपी न घालता तो हीटसिंकवर (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या पट्टीवर) आवळला आणि हीटसिंक लोखंडी डब्याला टेकला की ऋण बाजू थेट शून्याला शॉर्ट होते. मायका घातल्यावर हीटसिंक आणि पत्रा यांच्यामध्ये मल्टिमीटरची बीप वाजत नाही ना, हे बघायला अर्धे मिनिट लागते.

इतके करूनही अ‍ॅम्प्लिफायर थेट भिंतीवरच्या स्विचबोर्डाला लावू नये. आमच्या पिढीच्या प्रत्येक कारागिराच्या टेबलावर एक सिरीज बल्ब असे: लाकडी फळीवर एक होल्डर, त्यात ६० वॉटचा तारेचा बल्ब, आणि फेजची तार त्या बल्बमधून फिरवून पुढे एका सॉकेटला नेलेली. नवीन किंवा दुरुस्त केलेला प्रत्येक संच आधी त्या सॉकेटला लागे. कपॅसिटर भरताना बल्ब क्षणभर लखकन पेटतो आणि मग विझत जातो. असे झाले म्हणजे आत मोठा दोष नाही. तो पूर्ण प्रकाशाने पेटून राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तरीही फ्यूज उडत नाही, धूर निघत नाही, कारण सगळा भार बल्बने स्वतःवर घेतलेला असतो. एलईडी बल्बने हे काम होत नाही, तो तारेचाच लागतो, आणि असा बल्ब आता शहरातल्या चकचकीत दुकानांत शोधावा लागतो. गावच्या बाजारात मात्र तो अजूनही एखाद्या खोक्यात सापडतो. दोन-चार घेऊन ठेवावेत.

सिरीज बल्बवर संच चालू असताना, स्पीकर अजिबात न जोडता, आधी धन आणि ऋण दोन्ही व्होल्टेज मोजावीत. ती जवळजवळ सारखी असली पाहिजेत. मग इनपुट शॉर्ट करून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, स्पीकरच्या जागी डीसी मोजावे. मीटर मिलिव्होल्टमध्ये दाखवील. पन्नासच्या आत असेल तर निश्चिंत व्हावे. तेथे पाच, दहा, पंधरा व्होल्ट दिसले तर बोर्डमध्ये चूक आहे आणि ती सापडेपर्यंत स्पीकर लांब ठेवावा. आठ ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा प्रत्यक्ष रोध साधारण सहा ओहम असतो. त्यावर १६ व्होल्ट डीसी बसले तर चाळीस वॉटहून अधिक उष्णता त्या एवढ्याशा कॉइलमध्ये सतत तयार होते. स्पीकरचा पडदा, म्हणजे कोन, एका बाजूला ताठ ढकललेला राहतो, आवाज काही येत नाही आणि थोड्याच वेळात जळक्या वार्निशचा वास येतो. माझ्या तरुणपणी, पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरवर, मी हा वास एका उधारीवर आणलेल्या बारा इंची स्पीकरचा घेतला आहे आणि त्याचे पैसे चार महिने फेडले आहेत.

ही मोजणी बल्ब काढून थेट लाइनवर पुन्हा एकदा करावी आणि मग जुनापुराणा, गेला तरी हरकत नाही असा स्पीकर आधी लावावा. गाणे सुरू नसतानाच हीटसिंक हाताला चटका देत असेल, तर आयसी कानाला न ऐकू येणाऱ्या उच्च वारंवारतेवर थरथरत असण्याची शक्यता असते. आउटपुटला एक ओहमचा रेझिस्टर व छोटा कपॅसिटर अशी जोडी असते, तीच ‘नाहीतरी काय फरक पडतो’ म्हणून पुष्कळदा वगळलेली सापडते.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लेखणी उचलली, तिच्याकडे येतो. घरी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर चालू झाला की पहिली तक्रार असते हमिंगची. माझ्या शेजारच्या मुलाने, तो तेव्हा अकरावीत होता, असाच एक संच स्वतः बनवला. गाणे उत्तम वाजे, पण गाणे थांबले की घूं असा आवाज खोलीभर पसरे. तो एका दुकानात विचारायला गेला. तिथल्या माणसाने त्याला सांगितले की, प्लगमधली अर्थिंगची तार काढून टाक, आवाज जाईल. त्याने ती काढली आणि आवाज खरोखरच गेला. दोनेक महिन्यांनी डब्यातल्या स्विचवरची फेजची तार सरकून लोखंडी पत्र्याला टेकली. अर्थिंग असती तर त्या क्षणी फ्यूज उडाला असता. अर्थिंग नव्हती, म्हणून संच गात राहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या फडक्याने धूळ पुसताना त्याच्या आईला असा झटका बसला की त्या भिंतीपर्यंत फेकल्या गेल्या. पायात रबरी चप्पल होती आणि हात पत्र्याला चिकटला नाही, एवढ्यावर निभावले. त्या घराच्या मीटरपाशी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असती तरी ती त्या क्षणी खटकन पडली असती, पण तीही नव्हती.

अर्थिंग काढल्याने हमिंग गेले हे त्या मुलाच्या दृष्टीने सत्य होते, आणि म्हणूनच हा सल्ला घातक आहे: तो लागू पडतो. खरे कारण असे की त्याचा संच संगणकाला जोडलेला होता, संगणकालाही अर्थिंग होती, आणि दोन अर्थिंगच्या तारा व ऑडिओ वायरची जाळी (आतल्या तारेभोवतीचे धातूचे वेष्टन) मिळून एक मोठे वेटोळे तयार झाले होते. त्या वेटोळ्यातून फिरणारा ५० हर्ट्झचा अगदी किरकोळ प्रवाह इनपुटच्या जाळीवर काही मिलिव्होल्ट उभे करतो आणि अ‍ॅम्प्लिफायर ते इमानदारीने मोठे करतो. उपाय वेटोळ्यावर करायचा, अर्थिंगवर नाही. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावली की निम्मे काम होते. उरलेल्यासाठी लोखंडी डबा अर्थिंगला थेट आणि घट्ट जोडलेला ठेवावा. सर्किटचा शून्य मात्र डब्याला थेट न जोडता दहा ओहमच्या रेझिस्टरमधून जोडावा आणि त्या रेझिस्टरला समांतर, एकमेकांना उलटे, असे दोन जाड डायोड लावावेत. एरवीचा तो किरकोळ प्रवाह रेझिस्टरवर अडतो. खरोखर दोष उद्भवला, तर डायोड वाट मोकळी करून देतात आणि फ्यूज उडतो. इनपुटचे सॉकेट डब्याला टेकू न देता प्लास्टिकच्या वॉशरवर बसवावे, नाहीतर हा सगळा खटाटोप वाया जातो.

त्या मुलाचा संच मी त्याच्यासमोर उघडला, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. स्पीकरची परतीची तार, इनपुटची जाळी, व्हॉल्यूमचा शून्य आणि ट्रान्सफॉर्मरची मधली तार या सगळ्या एकाच बारीक उघड्या तारेवर, जिथे जागा मिळेल तिथे, सोल्डर मारलेल्या होत्या. कपॅसिटर भरताना त्या तारेतून दर सेकंदाला शंभर वेळा मोठे झटके जातात, आणि इनपुट त्याच वाटेवर बसलेले असले की ‘घर्र’ असा खरखरीत आवाज येतो. कान थोडा तयार झाला की हे दोन आवाज वेगळे ओळखू येतात: गोल ‘घूं’ पन्नासचा, खरखरीत ‘घर्र’ शंभराचा. व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज कमी होत असेल तर दोष व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे इनपुटकडे असतो. तसाच राहत असेल तर नंतरच्या वायरिंगमध्ये. आम्ही दोघांनी सगळ्या शून्याच्या तारा सोडवून, दोन मोठ्या कपॅसिटरच्या मधल्या बिंदूपासून थोड्या अंतरावर, एका पितळी बोल्टवर एकत्र आणल्या, प्रत्येकीची वेगळी तार. इनपुटला जाळीची वायर घेतली आणि ट्रान्सफॉर्मर फिरवून इनपुटपासून लांबच्या कोपऱ्यात नेला. मग प्लगमध्ये अर्थिंग परत जोडली. कान स्पीकरला लावल्याशिवाय काही ऐकू येत नव्हते. मोबाइल चार्जिंगला लावून गाणे वाजवले तर मात्र बारीक किरकिर येई. ती चार्जरची होती, चार्जर काढला की थांबे, आणि तिच्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरला दोष देण्यात अर्थ नव्हता.

अर्थिंगची तार डब्याला जोडताना रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, स्वतंत्र बोल्टवर आवळावी आणि डब्याच्या आत ती फेज व न्यूट्रलपेक्षा बोटभर लांब ठेवावी, म्हणजे वायरला हिसका बसलाच तर सर्वांत शेवटी ती सुटेल. फ्यूज आणि स्विच दोन्ही फेजवर असावेत. जुन्या वाड्यांत तीन पिनी सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. तिथे आधी वायरमनला बोलवावे आणि मगच लोखंडी डब्याचा विचार करावा.

स्पीकरविषयी थोडक्यात. आठ ओहमचे दोन समांतर लावले की चार होतात, चार लावले की दोन. या आयसीला चारच्या खाली नेऊ नये. दोन्ही स्पीकरची दिशा दीड व्होल्टच्या सेलने तपासावी: सेल टेकवताच कोन बाहेर आला तर सेलच्या धन टोकाला लागलेली पट्टी ती धन. एक जरी उलटा लागला तरी ढोलकी पातळ होते आणि गायकाचा आवाज मध्यभागी न राहता खोलीभर विरतो, आणि मुले मग नवा सबवूफर मागतात.

आपल्या लेखासोबत तयार संचाचे एक सुबक चित्र छापले आहे. त्यात लोखंडी डब्याच्या मागून बाहेर पडलेली वायर दोन पिनी प्लगची आहे. लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण म्हटले आहे. त्यात ते चित्र बदलून तीन पिनी वायरचे छापावे आणि बदल का केला, ते चित्राखाली एका ओळीत लिहावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रेडिओ दुरुस्तीकार,
सातारा