प्रतिकृती पुरे, प्रयोग हवा

महोदय,
शालेय विज्ञान प्रदर्शनांत ज्वालामुखीच्या प्रतिकृती रग्गड, प्रयोग मोजकेच. मराठवाड्यातल्या मुलांना प्रश्न घरातच सापडेल: सोयाबीन खोल पेरलं तर उगवण घटते का? आधी अंदाज तारखेसह लिहावा. मग एकाच पोत्यातले दाणे 3 आणि 8 सेंटिमीटरवर पेरावेत. प्रत्येक खोलीच्या 4 कुंड्या, कुंडीत 25 दाणे. माती, पाणी, ऊन सारखंच. एका कुंडीत पाणी साचून दाणे कुजले तर दोष खोलीचा नव्हे, म्हणून कुंड्या चार. दाणे न निवडता घ्यावेत. टपोरे एकीकडे गेले की तुलना फसली. उगवण रोज मोजावी, दहाव्या दिवसापर्यंत. अंदाज चुकला तरी वहीत खाडाखोड नको. परीक्षकांनीही आधी वही पाहावी, तक्ता नंतर.

– विज्ञान शिक्षक, परभणी